चौऱ्याण्णव टक्के झोप

पूर्वी प्रौढ माणसाला झोप लागायला दमणूक पुरायची. आता रेंज लागते. याला प्रगती म्हणतात, आणि प्रगतीला नावं ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही.

लहान लेकराला झोपवायला आई असते. म्हाताऱ्याला झोपवायला कीर्तन असतं. या दोघांच्या मधल्या माणसाची मात्र समाजाने आजवर काहीच सोय केलेली नव्हती. ती उणीव ऑनलाइन वर्तनोपचारांनी भरून काढली. यात गोळी नाही, सुई नाही, काढा नाही. माणसाच्या वागण्यातल्या चुका त्याला फोनवरून समजावून सांगतात आणि तो झोपतो. (लग्न झालेल्या माणसाला चुका समजावून घ्यायची सोय घरच्या घरीही असते, पण तिने झोप उडते. दोन्ही पद्धतींतला शास्त्रीय फरक तो हाच.)

धाडच्या कडूबाला अशा उपचाराची गरज पडावी, हे गावाला पटायला वेळ लागला. कारण झोप या विषयात कडूबाचं नाव मोठं होतं. त्याची धाड ते बुलढाणा अशी जीप होती आणि त्या जीपमध्ये बसलेला माणूस गावची वेस ओलांडायच्या आत झोपायचा. इंजिनाची एकसुरी घरघर, कडूबाचं सावकाश चालवणं, आणि माणसं इतकी दाटून बसवलेली की मान कुठेही टाकली तरी शेजाऱ्याचा खांदा हजर. जागेपणी बुलढाण्याला उतरलेला प्रवासी अजून कुणी पाहिलेला नाही. एसटी लवकर पोचायची, तरी ज्यांना झोपायचं असे ते कडूबासाठी थांबायचे. रडकं पोर घेऊन काही बाया नुसती एक फेरी मारून परत यायच्या, बुलढाण्यात काही काम नसताना.

सगळी जीप झोपायची, एक कडूबा सोडून. दिवसा जागा राहणं हे तर त्याचं कामच होतं. पण घरी आल्यावरही त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आणि मग एकदा, तुरीला शेंगा भरलेल्या असताना, लागायला नको तिथे तो लागला. जीप रस्ता सोडून हळूच तुरीच्या शेतात शिरली आणि मध्यावर जाऊन उभी राहिली. कुणाला ओरखडा आला नाही. कुणाला जागही आली नाही. शेजारच्या जानरावांनी तेवढं तुरीचा वास आल्यावर झोपेतच वाढायला सांगितलं, असं म्हणतात.

पुष्पाबाईंनी, म्हणजे कडूबाच्या बायकोने, हे सगळं ऐकून घेतलं. मग खिळ्यावरची जीपची चावी काढली आणि कमरेला खोचली.

"आठवडाभर सलग नीट झोपून दाखवा," त्या म्हणाल्या. "तवा चावी. तोवर ज्ञानेश्वर चालवीन."

ज्ञानेश्वर हा पुतण्या. त्याला मोठ्याने गाणी लावायची आणि करकचून ब्रेक दाबायची सवय होती, त्यामुळे प्रवाशांची झोप पार बिघडली आणि गावात चिडचिड वाढली. पण गावापेक्षा हाल कडूबाचे होते. स्टिअरिंग हातात नाही म्हटल्यावर त्याला आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेना. जेवताना, बोलताना, त्याचा उजवा पाय खाली ब्रेक शोधायचा. त्याला फार वाईट वाटत होतं आणि तो ते बोलूनही दाखवत होता. झोप आली नाही तर चावी मिळणार नाही, ही काळजी. आणि झोप आली तर पुन्हा तुरीत जाऊ, ही भीती. या दोघींच्या मध्ये झोपेला पाय टाकायलाही जागा नव्हती.

गावाने आपल्या परीने उपाय केले. जायफळ घातलेलं दूध झालं, तळपायाला तेल झालं, उशीखाली विळा ठेवून झाला (त्या भीतीने राहिलेली झोपही गेली). कुणी म्हणालं, बाजेची दिशा चुकते आहे. म्हणून बाज सगळ्या दिशांना फिरवून पाहिली. एका दिशेला जरा डुलकी येऊ लागली होती, पण पाय देऊळगाव राजाच्या बालाजीकडे होतात अशी हरकत शेजारच्या कलाबाईंनी घेतली आणि ती दिशा रद्द झाली.

शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या अर्पिताने, म्हणजे लेकीने, 'निवांत' नावाच्या कार्यक्रमात बापाचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी फोनवर एक घुबड उगवलं आणि त्याच्याखाली संदेश आला: कडूबाजी, आपण एकटे नाही आहात.

हे धाडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. कडूबाने संदेश वाचला तेव्हा त्याच्या खांद्यावरून आणखी चौघं तो वाचत होते.

पहिल्या भेटीला निवांतच्या अनुपमा मॅडम पुण्याहून पडद्यावर आल्या. माठाला टेकवून फोन उभा केलेला. मॅडमचा आवाज इतका गोड होता की कलाबाईंनी हातातलं निवडण खाली ठेवलं.

"झोपेच्या वेळी तुमच्या बेडरूममध्ये कोण कोण असतं, कडूबाजी?"

"बेडरूम नाही मॅडम. बाज हाय. लिंबाखाली."

"दाखवता का?"

कडूबाने फोन फिरवला. बाजेच्या पायथ्याला कलाबाईंच्या मिरच्या वाळत होत्या. खाली एक कोंबडी बसली होती. आणि मधोमध, तोंडावर पेपर घेऊन, जानराव होते. जानराव म्हणजे माजी उपसरपंच आणि भिंतीला भिंत लागून शेजारी.

"हे कोण?"

"जानरावभाऊ."

"ते तुमच्या बेडवर काय करतायत?"

"झोपून राह्यले."

"त्यांना येते झोप?"

"हाव. त्यायले कुठीबी येते."

मग मॅडमनी शास्त्र सांगितलं. मेंदू जागेची सांगड घालतो. ज्या जागेवर माणूस बोलतो, खातो, काळजी करतो, ती जागा दिसली की मेंदू जागा होतो. म्हणून आजपासून बाजेवर झोपेखेरीज काहीही करायचं नाही. बाज म्हणजे झोप, झोप म्हणजे बाज, एवढंच मेंदूला कळलं पाहिजे.

"मेंदूले सांगतो मॅडम," कडूबा म्हणाला. "जानरावले कोन सांगीन?"

हा प्रश्न कार्यक्रमाच्या कक्षेबाहेरचा होता.

बाहेरच्या माणसाला बाज म्हणजे चार पाय आणि सुंभ दिसतो. धाडच्या त्या गल्लीत ती एक संस्था होती. तिच्यावर दोन सोयरिकी जुळल्या होत्या आणि एक मोडली होती. शेताच्या धुऱ्या-बांधाची भांडणं तिच्यावर मिटत, आणि न मिटल्यास तिच्यावरूनच पुढे सुरू होत. ऊन असेल तेव्हा सांडगे, नसेल तेव्हा पोरांचा अभ्यास. निवडणुकीच्या काळात दोन्ही पक्ष तिच्यावर बसत, एक उशाकडून आणि एक पायथ्याकडून. अशा संस्थेचा कारभार एका फोनवरून बंद करायचा, म्हणजे विषय नाजूक होता. पण पुष्पाबाईंनी झाडू हातात घेऊन नियम एकदाच वाचून दाखवला आणि गल्ली उठली. मिरच्या गेल्या, पोरं गेली, दोन्ही पक्ष गेले. कोंबडीही गेली.

जानराव उठले नाहीत.

"नियम काय म्हनते?" त्यांनी पेपराखालून विचारलं. "बाजेवर फक्त झोपाचं. मी दुसरं काही करून राह्यलो का?"

उपसरपंचपदाचा अनुभव वाया जात नाही. नियमात फक्त झोपण्यासाठी असं होतं. कुणाच्या झोपेसाठी, ते नव्हतं. अनुपमा मॅडमकडे विचारणा केली तेव्हा त्यांनी, शेजाऱ्यांशी मोकळेपणाने संवाद साधा, असं कळवलं. कडूबाने संवाद साधला. जानराव घोरत होते.

पुढची हकिकत शास्त्राच्या बाजूची आहे, म्हणून नमूद केली पाहिजे. बाज आणि झोप यांची सांगड खरोखरच बसली. फक्त ती जानरावांच्या मेंदूत बसली. त्यांना आता स्वतःच्या घरी झोप येईना. ते रात्रीही उशी घेऊन येऊ लागले. "उपचार मधीच तोडू नाही म्हनतात," ते म्हणाले. कडूबा भिडस्त माणूस. माजी का असेना, उपसरपंचाला बाजेवरून उठवायचं त्याच्या जिवावर आलं. तो ओट्यावर सतरंजी टाकून पडू लागला आणि तिथून जानरावांची प्रगती ऐकू लागला.

दुसरा नियम असा होता की झोप येत नसेल तर तळमळत पडू नये. उठावं आणि एखादं कंटाळवाणं काम करावं. कंटाळवाणं काम म्हणजे काय, असा प्रश्न पुण्यात पडत असेल. पुष्पाबाईंना पडला नाही. त्यांनी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं ओट्यावर आणून ठेवलं. कडूबा फोडत गेला. घरच्या संपल्या, मग कलाबाईंच्या आल्या, मग मागच्या गल्लीतल्या. सकाळी लोक दाणे घेऊन जात आणि कडूबाची चौकशी करत. तो अजून झोपला नाही असं कळलं की त्यांचा जीव भांड्यात पडे.

तिसरा नियम सगळ्यांत उदात्त होता. काळजी रात्री करू नये. दिवसा तिच्यासाठी एक वेळ राखून ठेवावी, एकट्याने शांत बसावं आणि सगळ्या काळज्या करून मोकळं व्हावं. कार्यक्रमात तिला चिंतेची वेळ म्हणत. कडूबाने उन्हं कलल्यावरची वेळ ठरवली आणि पहिल्याच दिवशी लिंबाच्या पारावर काळजी करायला एकटा बसला.

माणूस एकटा बसलेला दिसला की धाडमध्ये लोक विचारतात.

"काऊन बसला बे कडूबा?"

"चिंता करून राह्यलो."

"मंग सरक थोडा."

बाजेवरून उठलेल्या मंडळींना बसायला जागा हवीच होती. आठवड्याच्या आत चिंतेची वेळ रूढ झाली. बाजाराच्या दिवशी ती उशिरा ठेवावी लागे, नाहीतर चांगल्या चांगल्या काळज्यांची माणसं बाजारात अडकत. पुढे शिस्त राहावी म्हणून जानरावांना (ते त्या वेळी जागे असत) अध्यक्ष केलं. काळज्यांचे घरगुती, गावकीच्या, राज्याच्या आणि जगाच्या असे वर्ग पाडले. सगळ्यांत मोठ्या वर्गापासून सुरुवात करावी असं ठरलं. त्यामुळे रोज आधी अमेरिकेची काळजी व्हायची, मग मुंबईची, मग जळगाव जामोदच्या कुणाच्या तरी मोडत आलेल्या सोयरिकीची. कडूबाच्या चावीचा विषय आयत्या वेळच्या विषयांत होता. तिथपर्यंत पोचेपोचेतो दिवेलागणीची वेळ होई आणि जानराव उशी आणायला उठत.

लोक मात्र काळज्या पारावर ठेवून हलके होऊन घरी जात आणि ठार झोपत. गल्लीची झोप इतकी सुधारली की पहाटेची एसटी दोनदा रिकामी गेली. जागा एकटा कडूबा. त्याच्याकडे आता स्वतःची काळजी होतीच, वर अमेरिकेचीही होती.

पुष्पाबाईही जाग्याच असत, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या आत पडून शेंगा फुटल्याचा आवाज ऐकत. चावी काढून घेतली ते बरोबर केलं यात त्यांना शंका नव्हती. तरी नवऱ्याचा पाय ताटाखाली ब्रेक शोधताना दिसला की त्या ताट जरा सरकवून पायाला जागा करून द्यायच्या. हा माणूस झोपावा, एवढंच त्यांना हवं होतं.

पुढच्या भेटीत अनुपमा मॅडमनी कडूबाचा आलेख पाहिला. निवांतमध्ये झोपेची कार्यक्षमता मोजतात, म्हणजे माणूस जितका वेळ आडवा असतो त्यातला किती वेळ खरंच झोपतो ते. कडूबाची एकवीस टक्के निघाली. मॅडमचा आवाज तरीही गोड होता.

"मनावर घेऊ नका. मला सांगा, तुम्हाला आपोआप झोप लागलीय अशी एखादी जागा आठवते?"

कडूबाने इकडेतिकडे पाहिलं. कलाबाई होत्या, पण त्यांचा डोळा लागला होता.

"जीपमंधी," तो हळूच म्हणाला. "पन कोनाले सांगू नका."

मॅडमना आनंद झाला. जीप रात्री उभीच असते ना, असं त्यांनी विचारून घेतलं. हाव, उभीच रायते. मग तिथेच झोपा, त्या म्हणाल्या. बाज गेली असेल तर जाऊ द्या. आपण मेंदूला नवी जागा शिकवू.

जीप लिंबाखालीच उभी असे. मागच्या बाकांवर ज्ञानेश्वरने पोती टाकलेली होती, म्हणून कडूबा आपल्या जुन्या जागेवर बसला, स्टिअरिंगच्या मागे. किती दिवसांनी त्याच्या हातांना त्यांची जागा मिळाली. डिझेलचा वास, ताडपत्रीचा वास, पायाखाली खराखुरा ब्रेक. जीप उभी आहे, चावी पुष्पाबाईंच्या कमरेला आहे, तेव्हा झोप लागली तरी तुरीत जायची सोय नाही. इतका बिनघोर तो कित्येक महिन्यांत झाला नव्हता. त्याने हात स्टिअरिंगवर ठेवले, मान त्याच्यावर टाकली, आणि संपलं.

सकाळी पुष्पाबाईंनी हाक मारली तेव्हा गालावर स्टिअरिंगचा वळ होता. त्यांनी तो हाताने पुसून पाहिला. तो गेला नाही, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चहात साखर दोनदा घातली.

तो आठवडा कडूबा रोज झोपला. मागच्या गल्लीच्या शेंगा तशाच पडून राहिल्या आणि त्याबद्दल कुरकुर झाली. कार्यक्षमता चढत चढत चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेली. (उरलेले सहा टक्के डासांचे.) अर्पिताला फोनवर रडू आलं. अनुपमा मॅडमनी शेवटच्या भेटीत अभिनंदन केलं. "ही जागा आणि झोप यांची तुमच्या मेंदूने आता पक्की सांगड घातलीय," त्या म्हणाल्या. "आता ती सहसा सुटत नाही." घुबडाने पंख फडफडवले आणि प्रमाणपत्र आलं. ते सगळ्यांनी वाचलं. मॅडमचं वाक्यही सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यावर विचार मात्र कुणी केला नाही, कारण चिंतेची वेळ अजून व्हायची होती.

चावी द्यायच्या सकाळी लिंबाखाली गर्दी झाली. पुष्पाबाईंनी स्टिअरिंगला हळदीकुंकू लावलं, चाकापाशी नारळ फोडला आणि कमरेची चावी सोडली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "सावकाश जा. पोचल्यावर फोन करा."

"हाव," कडूबा म्हणाला. त्याने चावी कपाळाला लावली.

माणसं चढली. जानराव बाज सोडून आले, खिडकीची जागा धरून बसले. कलाबाईंना बुलढाण्याला डोळे दाखवायचे होते. ज्ञानेश्वर गेला आणि कडूबा आला या समाधानातच सगळ्यांच्या माना आपापल्या खांद्यांवर गेल्या. त्यांच्याही मेंदूंची सांगड जुनी होती.

कडूबाने चावी लावली. हात स्टिअरिंगवर ठेवले. डिझेलचा वास आला, ताडपत्रीचा वास आला. त्याच्या मेंदूला शिकवलेलं पक्कं आठवत होतं.

पुष्पाबाई नारळाचे तुकडे करायला आत गेल्या, मग शेजारणी आल्या, मग भाकरी झाल्या. बुलढाणा यायच्या हिशेबाने जानरावांना जाग आली. त्यांनी आळस दिला.

"वा," ते म्हणाले. "एकबी धक्का नाही लागला. रस्ता केला वाटते."

"मंग करनच ना," कलाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "कवापासून म्हनून राह्यले होते."

भाड्याचे पैसे पुढे सरकवून जानराव उतरले. समोर लिंब होता, बाज होती आणि ओटा झाडायला नुकत्याच बाहेर आलेल्या पुष्पाबाई होत्या.

"पुष्पाबाई," जानरावांनी विचारलं, "तुम्ही बुलढान्याले काऊन आल्या?"

पुष्पाबाईंनी आधी जानरावांकडे पाहिलं, मग जीपकडे. नारळाच्या पाण्याचा ओघळ चाकापाशी जिथल्या तिथे वाळला होता. त्या पुढे गेल्या. कडूबा स्टिअरिंगवर गाल टेकून झोपला होता, तोंड थोडं उघडं, कपाळावर हळदीकुंकू उतरलेलं. त्याला उठवायला त्यांनी हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. मग चावी आवाज न होऊ देता काढली आणि कमरेला खोचली.

"हळू बोला," त्या जानरावांना म्हणाल्या. "झोपले हायेत थे."

असा हा उपचार पूर्ण यशस्वी झाला. चावी गेल्याचं कडूबाला आजही वाईट वाटतं, पण वाईट वाटत जागं राहणं त्याला आता जमत नाही. मध्येच झोप लागते. आपल्या कामात फरक पडला का, या निवांतच्या प्रश्नाला त्याने प्रामाणिकपणे हो म्हटलं आणि पाचही तारे दिले. ज्ञानेश्वरने दुसरी जीप घेतली. ती बुलढाण्याला जाते, पण तिच्यात धक्के फार बसतात अशी तक्रार आहे. जाणती माणसं सकाळी येऊन लिंबाखालच्या जीपमध्येच बसतात, शांत झोपतात, वेळेवर उठतात आणि रस्ता सुधारला म्हणत आपापल्या घरी जातात. तिच्याबद्दल एकही तक्रार आलेली नाही.

आपल्याला हसू आलं असेल, तर येऊ द्या. आपणही कुठल्या ना कुठल्या गाडीत बसला असालच. भाडं देऊन झालंय, चालकाकडे प्रमाणपत्र आहे, शेजारचा घोरतोय, आणि धक्का तर एकही लागत नाही. घाई नाही, पण कधी जाग आलीच तर खिडकीतून एकदा बाहेरचं झाड बघा. सकाळी चढलात तेव्हाही तिथे तेच होतं.